लाकडी नंदीचे कागद: एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत

माझे बाबा तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी बनवतात. नागपुरात महालच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. अर्ध्यात आम्ही राहतो, अर्ध्यात लाकूड राहतं. त्यांचे वडीलही हेच करायचे. पण गेल्या वर्षापर्यंत बाबा कारागीर आहेत हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. वर्षभरात त्यांची हस्तशिल्प कारागीर म्हणून नोंद झाली, पीएम विश्वकर्मा योजनेत नाव लागलं, प्रशिक्षण झालं, थोडं कर्जही घेतलं. मी एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळे फॉर्म भरायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आता गल्लीतले बाकीचे लोक विचारायला येतात आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून एकदा लिहून ठेवते.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. पोळा श्रावण अमावास्येला, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला तान्हा पोळा, लहान मुलांचा. मुलं लाकडी बैल सजवतात, दोरीला धरून ओढत दारोदार नेतात, बाया नंदीला हळद-कुंकू लावतात आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे पैसे किंवा खाऊ. शेती आणि बैल मुलांना कळावेत म्हणून दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हा पोळा सुरू केला असं इथे मानतात. साल १८०६ सांगतात. त्याच दिवशी इतवारी-महालच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात (दोन्ही वाईटाला गावाबाहेर घालवायचे पुतळे), ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांनी गल्ली दणाणते. आमच्याकडे मात्र त्या गर्दीत कोणी मिरवणूक बघत नाही. सगळे दुकान सांभाळत असतात.

दुकान म्हणजे बडकस चौकाच्या बाजूला फुटपाथवर टाकलेली ताडपत्री. वर्षभर बाबा फर्निचरची दुरुस्ती, चौकटी, देव्हारे अशी कामं करतात आणि उन्हाळ्यापासून नंदीला हात घालतात. बोटाएवढ्या नंदीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत. छोट्याला लकडगंजच्या आरा मशीनवरून आणलेली सागवानाची छाट चालते. मोठ्याला अखंड तुकडा लागतो, नाहीतर वशिंडाशी जोड दिसतो आणि बाबांना तो खपत नाही. गिऱ्हाइकाला दिसतही नसतो, पण ते वेगळं.

३ सप्टेंबर २०२४ ला तान्हा पोळा झाला. त्यानंतर आठवड्याभरात एका मोठ्या दुकानाचा माणूस घरी आला. भेटवस्तू आणि मुलांची खेळणी विकणारं दुकान. त्याने फुटपाथवर बाबांचे नंदी पाहिले होते आणि पुढच्या वर्षासाठी दोनशे छोटे नंदी हवे होते. भाव बोलून झाला, चहा झाला. मग त्याने विचारलं, ‘आयएसआय आहे ना?’ बाबांना वाटलं तो सागवानाच्या प्रतीबद्दल विचारतोय. म्हणाले, ‘एक नंबर लाकूड आहे, हात लावून पाहा.’

तो गेल्यावर मी शोधलं. केंद्र सरकारचा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूवर आयएसआय चिन्ह लागतं. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना, चाचण्या, प्रयोगशाळा. हे सगळं कारखान्याला परवडणारं. आमच्या अर्ध्या घरातल्या कारखान्याला नाही. पण याच आदेशात डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती करून दोन सवलती दिल्या आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना एक, आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला दुसरी. म्हणजे दुकानात नंदी ठेवायचा तर बाबांची तिथे नोंद हवी. मला वाटतं, ही एक ओळ माहीत नसल्याने आमच्यासारख्या कितीतरी घरांचा माल फुटपाथवरून वर चढत नाही.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. ‘कागद कायले पाहिजे? लोकं नंदी पाहून घेतात, कार्ड पाहून नाही घेत.’ आणि दुसरं, ज्यावरून घरात बरेच दिवस वाद झाला, ‘मी खेळणे नाही बनवत. नंदीची पूजा होते.’ त्यांचं खरंच आहे. पण मुलं त्याला दोरी बांधून डांबरावर फरफटतही नेतात, हेही खरं आहे, आणि कायदा बघतो तो एवढाच भाग.

पहिलं काम आधारचं निघालं. बाबांच्या आधारला माझ्या भावाचा जुना नंबर जोडलेला, तो कधीच बंद झालेला. ओटीपीशिवाय कुठलाच फॉर्म पुढे सरकत नाही. शिवाय चाळीस वर्षं रंधा आणि कानस चालवून बाबांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठा घेत नाही, हे आम्हाला माहीत होतंच. आधार केंद्रात बोटं आणि डोळे दोन्ही नव्याने घेतले, मोबाइल नंबर बदलला. बायोमेट्रिकसोबत नंबरही बदलला तर एकच शुल्क लागतं. आम्ही शंभर रुपये दिले. नुसत्या नंबरचे तेव्हा पन्नास होते. तुमच्या घरात सुतार, गवंडी, कुंभार कोणी असेल तर हे काम सगळ्यात आधी करा आणि जाण्याच्या आदल्या दोन-तीन दिवस त्यांना काम करू देऊ नका. रात्री हाताला खोबरेल तेल लावा, सकाळी साबणाने धुवा. केंद्रातल्या मुलीनेच हा उपाय सांगितला आणि उजव्या हाताची दोन बोटं तरी लागली.

त्यानंतर सीएससी केंद्र, म्हणजे सरकारी योजनांचे फॉर्म भरून देणारं सेवा केंद्र. खरं तर हस्तशिल्पचं कार्ड, म्हणजे त्या कारागीर नोंदणीचं ओळखपत्र, आधी काढायचं होतं, पण तिथला फॉर्म आणून बाबांचे फोटो काढेपर्यंत शेजारच्या काकाजींनी विश्वकर्माचं मनात भरवलं. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी. नोंदणी सीएससीतूनच होते, अंगठा लावून. आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्यायचा. नोंदणीला शुल्क नाही. आम्ही फक्त झेरॉक्सचे पैसे दिले. कोणी ‘फाइल पुढे सरकवण्याचे’ मागितले तर उठून दुसऱ्या केंद्रात जा, शहरात भरपूर आहेत.

व्यवसाय निवडायच्या रकान्यात आम्ही अडकलो. यादीत ‘सुतार’ आहे, ‘बाहुल्या व खेळणी बनवणारे (पारंपरिक)’ हेही आहे, मूर्तिकारही आहेत. नंदी यातलं काय? केंद्रातला मुलगा म्हणाला, ‘ताई, काहीही टाका, होऊन जाते.’ काहीही टाकून होत नाही. कोणतं प्रशिक्षण मिळणार आणि अवजारांचा संच कोणता येणार हे त्या एका रकान्यावर ठरतं. बाबा वर्षातले आठ महिने चौकटी आणि देव्हारे करतात, त्यांना उपयोगी पडतील ती अवजारं सुताराची. म्हणून तिथे सुतार टाकलं. हस्तशिल्पच्या फॉर्ममध्ये मात्र लाकडी खेळणी लिहायचं ठरलं, कारण सवलत त्यावर मिळणार होती. एकाच माणसाच्या दोन ठिकाणी दोन नोंदी झाल्या तर पुढे कोणी अडवेल का, ही धाकधूक मला शेवटपर्यंत होती. कोणी अडवलं नाही. विश्वकर्मा योजना सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची, हस्तशिल्पचं कार्ड वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. आणि दोन्ही खरंच आहे.

अर्ज भरताना आणखी एक प्रश्न आला. आधी कोणतं सरकारी कर्ज घेतलंय का? बाबांनी कोविडनंतर पथविक्रेत्यांच्या पीएम स्वनिधीतून दहा हजार घेतले होते. गेल्या पाच वर्षांत स्वनिधी, मुद्रा किंवा पीएमईजीपी या सरकारी योजनांतून कर्ज घेतलेल्यांना विश्वकर्मा मिळत नाही, असं सगळीकडे ऐकू येतं आणि लोक तिथूनच परत फिरतात. पूर्ण नियम असा आहे की स्वनिधी आणि मुद्राचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. बाबांचं फिटलेलं होतं. बँकेतून कर्ज बंद झाल्याचं पत्र घेऊन फाइलला लावून ठेवलं, पुढे ते कामाला आलं. दुसरा नियम कुटुंबाचा. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ. आई रंगकाम करते, पण नाव एकाचंच लागणार होतं. आईने ‘यांचंच टाक’ म्हणून विषय संपवला. तो संपला नव्हता, ते पुढे येईल.

अर्ज गेला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग दिवाळी. मग मतदान, निकाल. या काळात काही हललं नाही आणि हलणारही नव्हतं. विश्वकर्माच्या अर्जाची पडताळणी तीन पायऱ्यांत होते. गावात ग्रामपंचायत, शहरात महापालिका ही पहिली पायरी; मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती; मग छाननी समिती. पोर्टलवर कोणत्या पायरीवर आहे ते दिसतं. मी रोज बघायचे. रोज बघून काही होत नाही, आठवड्याने बघितलं तरी चालतं.

हस्तशिल्पच्या कार्डाचं काम दिवाळीनंतर हातात घेतलं. हा फॉर्म साधा आहे. आधार, फोटो, मोबाइल नंबर, कोणती कला, किती वर्षांपासून, कोणाकडून शिकलात. पैसे लागत नाहीत. पण तुम्ही खरंच हाताने बनवता का, हे हस्तशिल्पच्या कार्यालयातले लोक बघतात. त्यासाठी तिथे वस्तू घेऊन जायची आणि अवजारंही. मी बाबांना नीट कपडे घालायला लावले. बाबांनी पिशवीत तीन नंदी भरले: एक पूर्ण झालेला, एक रंगाशिवाय आणि एक नुसता ठोकळा, ज्यावर पेन्सिलीने बैल काढलेला होता. मला तो ठोकळा नेणं विचित्र वाटलं होतं. तिथल्या मॅडमनी तयार नंदी बाजूला ठेवून ठोकळाच उचलला. ‘इथून पुढे करून दाखवा.’

बाबा खाली बसले, ठोकळा पायाच्या अंगठ्यांत धरला आणि पटाशीने मानेकडून पाठीकडे उतार काढायला लागले. पाचेक मिनिटांत वशिंड वर आलं. मॅडम विचारत होत्या आणि बाबा मान वर न करता सांगत होते: शिंगं वेगळी करून बसवतो, एकाच लाकडात काढली तर रेषा आडवी जाते आणि पहिल्याच दिवशी पोराच्या हातून तुटतात. चाकं खरादीवाल्याकडून आणतो. पाय चारही पाटीवर खिळा न मारता बसवतो, खिळा निघाला तर पोरांना लागते. हे सगळं मीही पहिल्यांदाच ऐकत होते, घरात कोणी विचारलंच नव्हतं. चाकं बाहेरून आणता तर मग हाताची वस्तू कशी, असंही त्यांनी विचारलं. चाकं सोडून बाकी सगळं हाताचं आहे हे पाहिल्यावर तसं लिहून घेतलं. नंतर एकदा घरी येऊन काम कुठे चालतं तेही पाहून गेल्या.

तुम्ही जाणार असाल तर अर्धवट काम नक्की न्या. तयार वस्तू बाजारातून आणलेलीही असू शकते, अर्धवट वस्तू तुमचीच असते. आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं त्या आठवड्यात सिव्हिल लाइन्सच्या बाजूने कुठलंही काम काढू नका. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर होतं. रस्ते बंद, मोर्चे, निम्मे साहेब अधिवेशनाच्या ड्युटीवर. आम्ही त्याच आठवड्यात एक राहिलेली सही घ्यायला निघालो आणि आकाशवाणी चौकाच्या अलीकडूनच परतलो. तर्री-पोहे खाऊन घरी आलो, तेवढाच फायदा.

जानेवारी संपता संपता कार्ड आलं. प्लास्टिकचं, एटीएम कार्डाएवढं, बाबांचा घाबरलेला फोटो असलेलं. बाबांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. मी तिथून काढून स्कॅन केलं आणि परत ठेवलं. याच सुमारास विश्वकर्माच्याही तिन्ही पायऱ्या पार झाल्याचा मेसेज आला. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पोर्टलवरून उतरवून घेतलं.

प्रशिक्षणाचा फोन मार्चमध्ये येईल असं सांगितलं होतं. मार्चच्या मध्यात महालात संचारबंदी होती, आमच्याकडे सगळंच थांबलं. दळण आणायला जाता येत नव्हतं, तिथे प्रशिक्षण कुठे. शेवटी एप्रिलमध्ये झालं. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, एकूण चाळीस तासांचं असतं, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन मिळतं. बाबांची बॅच पाच दिवसांची होती. एप्रिलचं नागपूर, पत्र्याचा हॉल, कूलर एकच. बाबांनी पहिल्या दिवशी संध्याकाळी जाहीर केलं की उद्यापासून जाणार नाही, कारण शिकवणारे सर त्यांच्या निम्म्या वयाचे होते आणि रंधा कसा धरायचा ते दाखवत होते. आईने दुसऱ्या दिवशीचा डबा भरला तेव्हा निमूट गेले.

तिसऱ्या दिवशी त्या सरांनी सगळ्यांना आपापल्या एका वस्तूचा खर्च मांडायला लावला. बाबांनी घरी येऊन वही माझ्यासमोर टाकली. सहा इंची नंदी: लाकूड साठ रुपये, चाकं वीस, रंग, झूल, गोंडा मिळून वीस. म्हणजे शंभर. विकतो दोनशेला. लागणारा वेळ, आई-बाबांचा मिळून, अडीच तास. मी अकाउंट्सची बाई, आणि हा हिशोब मी आयुष्यात कधी केला नव्हता. तासाला चाळीस रुपये, तेही दोघांत. बाबा बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग म्हणाले, ‘दुरुस्तीच्या कामात याच्या तिप्पट भेटते.’ मग नंदी का करता, असं मी विचारलं नाही. त्या वर्षी भाव दोनशे साठ करायचा एवढं ठरलं.

विद्यावेतनाचे अडीच हजार खात्यात काही आठवड्यांनी आले. खातं आधारला जोडलेलं आहे का, हे आधीच बघून ठेवा. बाबांच्या बॅचमधल्या एका दादांचे पैसे त्यामुळेच अडकले.

आता कर्ज. प्रशिक्षण झाल्यावर पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत मिळतं, व्याज पाच टक्के, फेड अठरा महिन्यांत. ते नीट फेडलं की दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत. तारण लागत नाही. हे सगळं ऐकायला छान आहे, पण कर्ज घेण्याआधी घरात बसून एक गोष्ट बघायला हवी, जी मला कोणी सांगितली नाही. हप्ता दर महिन्याला जातो आणि नंदीचे पैसे वर्षातून एकदाच येतात. मे महिन्यात लाकूड घ्यायला कर्ज काढलं तर जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते एकही नंदी विकला जायच्या आधी भरावे लागतात. म्हणून लाखाऐवजी पन्नास हजारच मागितले. त्याचा हप्ता साधारण २,९०० रुपये बसतो, तो दुरुस्तीच्या कामातून निघतो. ज्यांचं सगळंच उत्पन्न सणावर आहे, मूर्तीवाले, पणत्या करणारे, त्यांनी मंजूर होईल तेवढं घेऊ नका. पहिले चार-पाच हप्ते बाजूला काढून ठेवता येत असतील तरच सही करा.

बँकेत जामीनदार मागितला. मी योजनेची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली होती, त्यात तारण नाही आणि हमीचं शुल्क सरकार भरतं ही ओळ खुणेच्या पेनाने रंगवलेली. साहेबांनी वाचली, आत जाऊन फोन केला, बाहेर येऊन ‘ठीक आहे’ म्हणाले. भांडावं लागलं नाही. स्वनिधी फेडल्याचं पत्र इथे मागितलं, ते होतंच. मेच्या अखेरीस पैसे आले आणि बाबांनी पावसाच्या आत लाकूड घेतलं, जे ते नेहमी जुलैत उधारीवर आणि ओलं घ्यायचे. ओल्या लाकडाचा नंदी दिवाळीपर्यंत पाठीवर तडकतो. यंदाचं लाकूड दोन महिने माळ्यावर वाळलं.

जूनमध्ये मी त्या दुकानवाल्याला फोन केला. त्याच्या लक्षात होतं. कार्डाची प्रत पाठवली, त्याने त्यांच्या कोणाला तरी विचारलं आणि दोनशेऐवजी दीडशे नंदींची ऑर्डर दिली, निम्मे पैसे आगाऊ. एक गोष्ट त्याने चांगली विचारली: रंग कोणता? आयएसआयमधून सवलत असली तरी मूल नंदी तोंडात घालणारच. आम्ही ऑइल पेंट वापरत होतो. या वर्षी पाण्यात मिसळणारे, डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेले रंग घेतले. महाग पडतात, आणि आईच्या मते त्यांना चकाकी कमी. त्यावर तिने झुलीला बेगड जास्त लावून वाट काढली.

दुकानात तोच नंदी साडेचारशेला लागला. बाबा एकदा मुद्दाम बघून आले. काचेच्या फळीवर, खाली ‘हस्तनिर्मित’ची पट्टी. घरी येऊन म्हणाले, ‘त्याच्यात आपले दोनशे साठ, बाकीचे एसीचे.’ राग नव्हता, हिशोब मांडायची सवय लागली आहे आता.

२३ ऑगस्ट २०२५ ला तान्हा पोळा होता. फुटपाथवरची ताडपत्री नेहमीसारखीच टाकली. दुकानात गेलेल्या दीडशेंमुळे इथला माल कमी होता आणि भाव वाढलेला. बरेच लोक ‘काकाजी, तिकडे दीडशेले भेटून राहिला’ म्हणून पुढे गेले. तिकडचा म्हणजे भुशाच्या पट्टीचा, मशीनवर कापलेला, सपाट. त्यांना दोष नाही, दोन पोरांना दोन नंदी घ्यायचे तर तीनशे आणि पाचशे वीस यात फरक पडतोच. तरी दुपारी मारबत चौकातून जाईपर्यंत छोटे संपले होते. मोठ्यातले दोन उरले, ते माळ्यावर गेले. क्यूआर कोड लावला होता, निम्म्याहून जास्त पैसे त्यावर आले. विश्वकर्मात एका डिजिटल व्यवहाराला एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत मिळतो, तेही सांगून ठेवते. शंभर रुपये कोणाला नको असतात.

अवजारांचं अजून सांगितलं नाही. पंधरा हजारांचं ई-व्हाउचर असतं, मोबाइलवर येतं, त्यातून संच निवडायचा. आमचा संच पोळ्याच्या थोडा आधी पोस्टाने आला. विजेवर चालणारी अवजारं चौकटींच्या कामात बाबा वापरतात. नंदीला पटाशीच. व्हाउचरचा मेसेज ज्या नंबरवर येतो तो फोन घरातल्या माणसाकडेच ठेवा आणि त्यातला कोड कोणाला फोनवर सांगू नका. ‘संच मंजूर करून देतो’ म्हणणारे फोन आम्हालाही आले.

आणि आईचं. विश्वकर्माला एका कुटुंबात एकच नाव, पण हस्तशिल्पच्या कार्डाला ती अट नाही. ते माणसाचं कार्ड आहे, घराचं नाही. हे मला कळायला ऑगस्ट उजाडला. नंदीचे डोळे, कपाळावरचं बाशिंग, झुलीवरची नक्षी लग्न होऊन आल्यापासून आईच काढते. बाबांनी आजवर एकाही नंदीचा डोळा रंगवलेला नाही, त्यांचा हात तिथे कापतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन गेले. या वेळी पिशवीत रंग न दिलेले नंदी आणि दोन नंबरचा ब्रश. आई तिथे बोलेना, म्हणून मी तिच्या वतीने सांगायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही थांबा, त्यांना करू द्या.’ ‘किती वर्षांपासून’ या रकान्यात आईने आधी काहीच लिहिलं नव्हतं. मग माझ्या भावाच्या वयात दोन मिळवून आकडा टाकला.

फॉर्म घेतला आहे. फोटोत डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत आल्यामुळे तो परत मागितलाय, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. उद्या ऑफिसला जाताना स्टुडिओत काढून देणार आहे.